एका ‘च’ची घटनादुरुस्ती

माझा भाचा डॅलसजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळालंय, नागरिकत्व अजून नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा फोन आला. ‘मामा, इथे काल सतरा घटनादुरुस्त्यांवर मतदान झालं. सतराच्या सतरा पास.’ आपल्या राज्यघटनेला पंचाहत्तर वर्षांत १०६ दुरुस्त्या झाल्या त्यालाच लोक ‘किती ती ठिगळं’ म्हणतात, आणि यांच्या एका दिवसात सतरा! पण टेक्सासचा मामला वेगळा आहे. तिथे राज्याची स्वतःची घटना असते, ती १८७६ सालची आहे आणि तिला आजवर पाचशेहून जास्त दुरुस्त्या झाल्या आहेत. तिथली घटनादुरुस्ती म्हणजे आपल्या सोसायटीच्या उपविधीतला बदल समजा. विधिमंडळाने ठराव करायचा आणि लोकांनी मत देऊन मंजूर करायचा.

भाच्याचा प्रश्न त्यातल्या सोळाव्या दुरुस्तीबद्दल होता. मतदार हा अमेरिकेचा नागरिक असलाच पाहिजे, अशी ती दुरुस्ती. सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. ‘पण मामा, हा नियम आधीपासून नव्हता का? मला तर इथे कधीच मत नव्हतं. आणि ऑफिसातला एकजण सांगतोय की असल्या दुरुस्त्यांवर ऑनलाइन पैसे लावता येतात. मार्केटला याने काही फरक पडतो का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नियम होताच. राष्ट्राध्यक्ष आणि संसदेच्या निवडणुकीत परदेशी माणसाने मत देणं हा १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत तुरुंग, आणि त्याहून वाईट म्हणजे देशाबाहेर रवानगी. टेक्सासच्या घटनेतही मतदाराच्या व्याख्येत ‘नागरिक’ हा शब्द होता. सोळाव्या दुरुस्तीने काय केलं, तर मतदानाला अपात्र असलेल्यांची जी यादी घटनेत आहे, अठरा वर्षांखालचे, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेले, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, त्या यादीत ‘जे नागरिक नाहीत ते’ अशी एक ओळ वाढवली.

मग एवढा खटाटोप कशाला? त्यासाठी मराठीतल्या ‘च’कडे बघावं लागतं.

तुमच्या सोसायटीत फलक लागला: ‘प्रत्येक सभासदाला गच्ची वापरता येईल.’ आता तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने वाढदिवसासाठी गच्ची मागितली तर? सेक्रेटरी म्हणेल, फलकावर सभासद लिहिलंय. भाडेकरू म्हणेल, सभासदांना देता येईल असं लिहिलंय, बाकीच्यांना नाही असं कुठे लिहिलंय? दोघांचंही खरं आहे. हे भांडण कायमचं मिटवायचं तर फलक बदलून ‘सभासदांनाच’ असं लिहावं लागेल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या घटनेत पहिल्यासारखा फलक आहे. विस्कॉन्सिनच्या घटनेत ‘अठरा वर्षांवरील प्रत्येक अमेरिकी नागरिक’ असं होतं. २०२४ मध्ये लोकांनी मत देऊन तिथला ‘प्रत्येक’ काढला आणि ‘फक्त’ घातला. बाकी वाक्य जवळपास तेच.

गंमत अशी की याच विस्कॉन्सिनने १८४८ मध्ये राज्य झाल्यावर परदेशी लोकांना मताचा हक्क दिला होता. जर्मनी-नॉर्वेहून आलेला शेतकरी ‘मला इथला नागरिक व्हायचंय’ एवढं जाहीर करायचा आणि मतदार व्हायचा. नव्या राज्यांना वस्ती हवी होती आणि मताचा हक्क हे आमिष होतं. स्थलांतरितांबद्दलचा राग वाढत गेला तशी राज्यांनी ही दारं बंद केली. शेवटचं आर्कान्सास, १९२६ मध्ये. म्हणजे अमेरिकेच्या एकाही राज्यात परदेशी मतदार नाही अशी पहिली राष्ट्राध्यक्षीय निवडणूक १९२८ ची. ‘आमच्याकडे हे कधी नव्हतंच’ असं कुणी ठासून सांगतं तेव्हा हे आठवावं.

आज भाडेकरूला गच्ची देण्याचे प्रयोग उरलेत ते गावपातळीवर. मेरिलँडमधलं टाकोमा पार्क १९९२ पासून आपल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या रहिवाशांना मताचा हक्क देतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीपुरतं, ज्यांची मुलं तिथे आहेत अशा परदेशी पालकांना तो दिला. व्हरमाँटमधल्या माँटपेलियर आणि विनूस्की या दोन गावांनीही. या सगळ्यांचा युक्तिवाद एकच आहे: घरपट्टी आम्ही भरतो, पोरं आमची त्या शाळेत जातात, मग नळाच्या आणि शाळेच्या प्रश्नावर आमचं मत का नको?

सगळ्यात मोठी उडी मारली न्यूयॉर्क शहराने. डिसेंबर २०२१ मध्ये नगर परिषदेने ठरवलं की ग्रीन कार्डवाले आणि कामाचा परवाना असलेले रहिवासी महापौर, नगरसेवक वगैरेंसाठी मत देतील. सुमारे आठ लाख लोक. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर क्वीन्समध्ये राहणारी आपली मराठी पोरंही त्यात आली असती. प्रकरण कोर्टात गेलं. न्यूयॉर्कच्या घटनेत शब्द आहेत ‘प्रत्येक नागरिकाला प्रत्येक निवडणुकीत मत देण्याचा हक्क राहील’. शहराचं म्हणणं पडलं की ही किमान मर्यादा आहे, नागरिकाला नाकारता येणार नाही इतकंच, इतरांना द्यायला बंदी नाही. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी हे फेटाळलं. त्या वाक्यात ‘च’ लिहिलेला नसला तरी तो आहे, असं थोडक्यात न्यायालयाचं म्हणणं. आता कॅलिफोर्निया बघा. तिथल्या घटनेत ‘अठरा वर्षांचा अमेरिकी नागरिक मत देऊ शकतो’ अशा अर्थाचं वाक्य आहे. तिथेही ‘च’ नाही. पण २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने उलटं सांगितलं: या वाक्यात बंदी दिसत नाही, सॅन फ्रान्सिस्कोचा नियम चालेल. व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी गावांच्या बाजूने निकाल दिला.

न लिहिलेल्या ‘च’चा अर्थ न्यायाधीशांवर सोडायचा नाही, म्हणून तो लिहूनच टाकायचा. या दुरुस्त्यांचं कायदेशीर सार एवढंच. ओहायो राज्यात २०२२ मध्ये अशी दुरुस्ती आली त्यामागे यलो स्प्रिंग्ज नावाचं चार हजारांच्या आतलं गाव होतं. २०१९ मध्ये त्या गावाने परदेशी रहिवाशांना गावच्या निवडणुकीत मताचा हक्क देण्याचं ठरवलं, आणि त्या एका गावासाठी अख्ख्या राज्याची घटना बदलली.

आपल्याकडचं विचाराल तर आपल्याही घटनेत ‘च’ नाही! अनुच्छेद ३२६ म्हणतो की जी व्यक्ती भारताची नागरिक आहे आणि अठरा वर्षांहून कमी वयाची नाही, अशा प्रत्येक व्यक्तीला मतदार म्हणून नोंदवून घेतलं जाण्याचा हक्क राहील. ‘फक्त’ हा शब्द नाही. तो येतो लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १६ मध्ये, जिथे भारताचा नागरिक नसलेली व्यक्ती मतदारयादीत नोंदवली जायला अपात्र ठरते. म्हणजे आपला ‘च’ साध्या कायद्यात आहे, आणि साधा कायदा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. तरी त्यावरून आपल्याकडे कधी कुठल्या नगरपालिकेने प्रयोग केल्याचं ऐकलं नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलेला अमेरिकी मराठी माणूसही इथे मत देऊ शकत नाही, आणि अमेरिकेत ग्रीन कार्डवर असलेला भारतीय नागरिक मात्र, मतदारयादीत नाव नोंदलेलं असेल आणि मतदानाच्या दिवशी आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर झाला तर देऊ शकतो. माझ्या भाच्याला हे माहीतच नव्हतं. त्याचं मत टेक्सासात नाही, साताऱ्यात आहे.

आता मार्केट.

आधी शेअर बाजार, कारण ते पटकन संपतं. ‘फक्त नागरिक’ दुरुस्तीने कुठल्या कंपनीची विक्री बदलते? कुणाची मजुरी? कुणाचा कर? ज्यांना मत नव्हतं त्यांना पुढेही नाही, मतदारयादी होती तशीच. त्यामुळे शेअर बाजार या दुरुस्तीकडे ढुंकूनही बघत नाही, आणि ते बरोबरच आहे. बाजार कशाकडे बघतो ते सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा शुक्रवारी झाली आणि सोमवारी आपला निफ्टी आयटी निर्देशांक जवळपास तीन टक्के पडला. हिंजवडीत त्या दिवशी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. परदेशी माणूस काम करू शकतो की नाही, हा पैशाचा प्रश्न आहे. तो मत देऊ शकतो की नाही, याने ताळेबंदात काही हलत नाही.

एक अपवाद सांगायला हवा, कारण मतदानाच्या कायद्याने धंदा अजिबातच हलत नाही असंही नाही. २०२१ मध्ये जॉर्जिया राज्याने मतदानाचे नियम कडक केले. तो नागरिकत्वाचा मुद्दा नव्हता, टपाली मतदान वगैरेचा होता. कोका-कोला आणि डेल्टा या अटलांटाच्या बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना जाहीर विरोध करावा लागला, आणि बेसबॉलचा वार्षिक ऑल-स्टार सामना अटलांटाहून उचलून डेन्व्हरला नेला. हॉटेलवाल्यांचा, टॅक्सीवाल्यांचा तो हंगाम गेला. २०२५ मध्ये हाच सामना अटलांटाला परत आला. कायदा तोवर तसाच होता.

भाच्याच्या सहकाऱ्याचं मार्केट मात्र वेगळं. त्याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात. कल्शी आणि पॉलिमार्केट ही त्यातली मोठी नावं. ‘अमुक घटना अमुक तारखेपर्यंत घडेल का’ या प्रश्नावर ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन कॉन्ट्रॅक्ट विकली जातात. घडलं तर ‘हो’वाल्याला एक डॉलर, नाही तर ‘नाही’वाल्याला. ‘हो’ ७० सेंटला मिळत असेल तर बाजाराला ती घटना साधारण ७० टक्के शक्य वाटते. निवडणुकांवर असला धंदा अमेरिकेत उघडपणे सुरू झाला तो अलीकडेच. वायदे बाजाराच्या नियामकाने कल्शीला मनाई केली होती, सप्टेंबर २०२४ मध्ये कल्शी कोर्टात जिंकली, आणि मे २०२५ मध्ये नियामकाने अपील सोडून दिलं. त्याआधी आयोवा विद्यापीठ १९८८ पासून छोट्या रकमांवर अभ्यासासाठी असा बाजार चालवत होतंच.

आपल्याकडे निवडणूक आली की राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे आकडे व्हॉट्सअॅपवर फिरतात. ते वाचायची सवय असलेल्याने इथे सावध राहावं, कारण वाचन उलटं आहे. फलोदीत एखाद्या पक्षाचा भाव चाळीस पैसे म्हणजे रुपया लावला तर चाळीस पैसे सुटतात. भाव जितका कमी तितका तो पक्ष फेव्हरिट. प्रेडिक्शन मार्केटमध्ये चाळीस सेंट म्हणजे निम्म्याहून कमी शक्यता. (ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने भारतात पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. पुण्यात बसून हा उद्योग करायचं मनात असेल तर सोडून द्या.)

तर ‘फक्त नागरिक’ दुरुस्तीवर भाव किती असावा? इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि सहकाऱ्याचीही झाली होती.

राज्यांची गोष्ट सोपी. २०१८ मध्ये नॉर्थ डाकोटापासून सुरू झालेली ही लाट २०२५ च्या टेक्सासपर्यंत पंधरा राज्यांत लोकांपुढे गेली आणि एकाही ठिकाणी पडली नाही. २०२४ च्या एका दिवशी आठ राज्यांनी मंजूर केली. त्यातलं सर्वात कमी समर्थन केंटकीत, सुमारे ६२ टक्के, सर्वात जास्त साउथ कॅरोलिनात, सुमारे ८६. ‘नागरिकांनीच मत द्यावं का’ या प्रश्नाला मतदार, जे मुळात सगळे नागरिक आहेत, नाही कशाला म्हणतील? आपल्या सोसायटीच्या सभेत ‘गच्ची सभासदांनाच’ हा ठराव पडल्याचं आठवतंय कुणाला? भाडेकरू सभेला नसतोच. असल्या प्रश्नावर ‘हो’चा भाव सुरुवातीपासून डॉलरला टेकलेला राहणार. त्यात मिळणार ते चिल्लर.

देशाच्या घटनेत दुरुस्ती ही दुसरी गोष्ट. तसे ठराव अमेरिकी संसदेत अधूनमधून मांडले जातात आणि बातमीत ‘घटनादुरुस्तीचा प्रस्ताव’ असं छापून येतं. मांडणं आणि होणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे सगळे हजर असतील तर कनिष्ठ सभागृहात २९०, सिनेटमध्ये ६७. त्यानंतर पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी. तेरा राज्यं अडून बसली की खेळ खलास. तुलनेला एक आकडा घ्या: मतदारनोंदणीला नागरिकत्वाचा कागद सक्तीचा करणारं, साधा कायदा करणारं सेव्ह विधेयक एप्रिल २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहात २२० विरुद्ध २०८ ने पास झालं. २२० आणि २९० यांच्यातली सत्तर मतं कुठून आणणार? सगळ्यांचं एकमत असतं तेव्हा काम झटपट होतं, मतदानाचं वय अठरा करणारी सव्वीसावी दुरुस्ती १९७१ मध्ये शंभर दिवसांत राज्यांनी मंजूर केली होती. शेवटची म्हणजे सत्ताविसावी १९९२ मध्ये मंजूर झाली, ती मांडली होती १७८९ मध्ये.

मग ‘हो’चा भाव शून्य का नसतो? हा भाग मला सगळ्यात आवडतो. समजा, असं कॉन्ट्रॅक्ट चौदा महिन्यांनी संपतंय आणि ‘हो’ चार सेंटला आहे. तुम्हाला खात्री आहे की हे होणार नाही. तुम्ही ९६ सेंट देऊन ‘नाही’ घेता. चौदा महिन्यांनी एक डॉलर मिळतो. कमाई सव्वाचार टक्क्यांच्याही आत. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे वर्षाला साधारण चार टक्के देत होते, कसलीही जोखीम न घेता. मग शहाणा माणूस पैसे अडकवून तो भाव खाली कशाला ढकलेल? तो फिक्स डिपॉझिट करेल. त्यामुळे चार सेंटचा अर्थ ‘चार टक्के शक्यता’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘एवढ्यासाठी पैसे अडकवायला कुणी तयार नाही’ असा होतो. खाली दोन-पाच सेंटमध्ये लोळणारे भाव बातम्यांमध्ये ‘बाजाराला अमुक टक्के शक्यता वाटते’ म्हणून छापले जातात तेव्हा हा हिशोब कुणी सांगत नाही.

आणि तिसरी भानगड शब्दांची. कॉन्ट्रॅक्टमध्ये ‘दुरुस्ती मांडली जाईल’ असं लिहिलंय, ‘संसदेत संमत होईल’ असं, की ‘राज्यांकडून मंजूर होईल’ असं? मराठी बातमीत तिन्ही ठिकाणी ‘घटनादुरुस्ती’ हाच शब्द असेल, भाव मात्र डॉलरजवळ असू शकतो किंवा मातीमोल. २०२५ मध्ये पॉलिमार्केटवर ‘युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सूट घालतील का’ या प्रश्नावर वीस कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झाली. जूनमधल्या नाटोच्या बैठकीला झेलेन्स्की काळं जाकीट घालून आले. अनेक वृत्तसंस्थांनी त्याला सूट म्हटलं. निकाल लागला ‘नाही’. सूट कशाला म्हणायचं यावर लोकांचे पैसे बुडाले. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी ‘प्रत्येक’चा अर्थ लावला, तसाच इथे ‘सूट’चा लावला गेला, फक्त तिथे न्यायाधीश होते आणि इथे एका क्रिप्टो टोकनचे मालक मत देत होते. नागरिक असण्याची अट नव्हती.

खरा परिणाम कुठे होतो ते या कोलाहलात मागे राहतं. ‘च’ लिहून झाला की पुढचा प्रश्न येतो, नागरिक आहात हे दाखवा. कॅन्ससने २०१३ पासून नोंदणीला जन्मदाखला, पासपोर्ट वगैरे सक्तीचं केलं. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा बाहेर आलं की ३१ हजारांहून जास्त लोकांची नोंदणी अडकली होती. आणि एकोणीस वर्षांत चुकून नोंदले गेलेले परदेशी? फार तर ३९. तो कायदा कोर्टाने रद्द केला. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवताना ज्याने चपला झिजवल्यात त्याला हे एकतीस हजार कोण असतील ते वेगळं सांगायला नको. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, घर बदललेली तरुण पोरं, कागद जुन्या गावी राहिलेले म्हातारे.

भाच्याला मी एकच गोष्ट बजावून सांगितली. तिथे ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जावरच मतदारनोंदणीचा प्रश्न असतो, १९९३ च्या केंद्रीय कायद्याने तशी सोय केली आहे. घाईत चुकीच्या चौकटीत खूण झाली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘तुम्ही अमेरिकेत कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ असा थेट प्रश्न येतो. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं हे तिथे माफ न होणाऱ्या चुकांपैकी आहे, मग एवढ्या वर्षांचं ग्रीन कार्डही वाचवत नाही.

पुढच्या महिन्यात त्याने लायसन्सचं नूतनीकरण केलं आणि फॉर्मचा फोटो पाठवला. ‘आपण अमेरिकेचे नागरिक आहात का’ यापुढे ‘नाही’च्या चौकटीत इतकी दाबून फुली मारली होती की कागद फाटायचाच राहिला होता. खाली लिहिलं होतं, ‘मामा, पैसे नाही लावले. तो ऑफिसातला मात्र ९६ सेंटला “नाही” घेऊन बसलाय.’